अद्भुतकथेची हिशेबवही

कल्पित नगराला नाव देताना आधी त्याला विभक्ती लावून बघावी. ‘धारूळ’ असं नाव ठेवलं की पुढच्याच वाक्यात सैन्य ‘धारुळात’ शिरतं आणि दीर्घ रू ह्रस्व होतो. तीनशे पानांनंतर नाव बदलावंसं वाटलं, संगणकावर ‘शोधा-बदला’ चालवलं, तर ‘धारूळ’ तेवढे बदलतात. ‘धारुळाच्या’, ‘धारुळाहून’ जागच्या जागी. मुद्रितशोधकाच्याही नजरेतून ते निसटतात. म्हणून वहीत नावापुढे लिंग, सामान्यरूप आणि ते पहिल्यांदा कुठल्या प्रकरणात आलं, एवढं लिहून ठेवायचं.

गुहेतला जीव तो, ती की ते, हेही आधीच ठरवावं लागतं, कारण विशेषणं आणि क्रियापदं सगळी त्याच्यामागे फरफटत जातात. सातव्या प्रकरणात ती मादी निघणार असेल तर पहिली सहा ‘ते जनावर’वर काढावीत. वाचकाशी खोटं बोलावं लागत नाही.

चंद्राच्या बाबतीत मराठी वाचक फार कडक. संकष्टीला उपास सोडायला चंद्रोदयाची वेळ बघणाऱ्या घरातला असतो तो! पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशीर करतो; वद्य अष्टमीला उगवायलाच मध्यरात्र होते. शुद्ध पक्षात उलट: अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, पंचमीचा त्याच्याही आधी. तेव्हा शुद्ध पंचमीच्या पहाटे चांदण्यात तट चढणारा नायक पडणारच. प्रत्येक प्रसंगापुढे तिथी लिहावी, मग राज्याचे महिने हवे तेवढे कल्पित ठेवा.

अंतरांसाठी ओळखीचा रस्ता मोजपट्टी म्हणून घ्यावा. नागपूर ते रामटेक साधारण ५० किलोमीटर. लादलेली बैलगाडी दिवसाकाठी २०-२५ किलोमीटर जाते, म्हणजे दोन दिवस आणि वाटेत एक मुक्काम. घोडेस्वार एका दिवसात पोचेल, पण रोज तेवढीच दौड मारली तर घोडा लवकरच बसतो. नकाशावर बोटभर अंतर म्हणजे एक रामटेक, असं ठरवलं की निरोप्या लढाईच्या आधी पोचतो की नंतर, हा वाद मिटतो.

जंगलही तपासावं. वैशाखात सागाच्या रानात लपलेली टोळी लांबूनच दिसते, कारण साग तेव्हा निष्पर्ण असतो, आणि खालचा वाळका पाचोळा प्रत्येक पावलाला कडकड वाजतो. चोरपावलांनी जायचं असेल तर पहिला पाऊस पडून पाचोळा भिजू द्या. विदर्भात राहून लिहिणाऱ्यानं तरी दुसऱ्याच देशातली बर्फाळ अरण्यं कशाला आणावीत, मला कळत नाही.

मंत्राची किंमत पहिल्याच वापरात दिसावी. ज्योत पेटवून मांत्रिकाची बोटं बधिर होत असतील, तर शेवटच्या लढाईत त्याच बोटांनी धनुष्याची दोरी ओढता येता कामा नये. इथे सवलत दिली की पुढचं सगळंच फुकट वाटायला लागतं.

दिवाळी अंकाची कथा श्रावणाच्या आसपास द्यायची, म्हणजे पहिला खर्डा मे महिन्यात. नागपुरात तेव्हा पारा ४५च्या वर जातो. नवा मजकूर पहाटे ५ ते ९ मध्येच उरकावा. दुपारी कूलरच्या घरघरीत वाक्याची लय कानाला लागत नाही, म्हणून ती वेळ वहीची: तिथ्या, अंतरं, सामान्यरूपं. संवाद मात्र संध्याकाळी कूलर बंद करून मोठ्यानं वाचावेत.

त्या वाचनात एक खोड हमखास पकडली जाते. राणी, मंत्री, ऋषी प्रमाण मराठीत बोलतात आणि ‘काहून बे?’ म्हणायला फक्त द्वारपाल उरतो. हे हसं करणं थांबवायला हवं. राज्य इकडचं असेल तर सिंहासनावरून उठताना राणीनंही म्हणावं, ‘मी जाऊन राहिली.’