वाशिष्ठीत होड्या घालायच्या, तर परवानगी कोणाची?

चिपळुणात नदीवर बोलणाऱ्यांची कमी नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तर टपरीवर चहा पिणारा माणूसही निळी रेषा, लाल रेषा, गाळ, कोळकेवाडी धरणाचा विसर्ग असे शब्द सहज वापरतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे माझ्या औषधाच्या दुकानातल्या पोरालाही पाठ आहे. कारण दोन्ही रेषा आमच्या घरादारांवरूनच गेल्यात. पण त्याला मी सहज विचारलं, की वाशिष्ठीत कधी होडीत बसलायस का, तर तो हसला. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही विचारत गेलो. बहुतेकांनी नदी पाहिली ती पुलावरून, नाहीतर घरात शिरलेली.

डिसेंबर २०२१ मध्ये गाळ काढा म्हणून शहरात साखळी उपोषण झालं, त्यात मीही बसलो होतो. नंतर पोकलेन आले, गाळ निघाला, पेपरात आकडे आले. मग हळूहळू विषय थंडावला. आमच्या सात-आठ जणांच्या गटात एवढंच ठरलं, की लोकांना नदीत न्यायचं. भाषण नाही, बॅनरवर कुणाचे फोटो नाहीत. गोवळकोटहून होड्या सोडायच्या, शहरापर्यंत वर यायचं, काय दिसतं ते लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघायचं.

पुण्याहून सुट्टीला आलेल्या एका मित्राच्या मुलाचं म्हणणं, कयाक आणू. भाड्याने मिळतात, फोटो चांगले येतात. गोवळकोटच्या धक्क्यावर आम्ही हे बोलत होतो. तिथले एक मच्छीमार चाचा जाळं दुरुस्त करता करता ऐकत होते. ते म्हणाले, "बाळा, तू पाण्याला टेकून बसणार. खालून मगरीला तू कसा दिसशील, ते तिला विचार आधी." वाशिष्ठीत मगरी आहेत आणि चांगल्या संख्येने आहेत. पावसाळ्यात रस्त्यावर फिरतानाचे त्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यांना दाखवायला पर्यटकांच्या बोटीही निघतात. कयाकचा विषय तिथेच संपला. होड्या चाचांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या, वल्ही आमच्या हातात, सुकाणू त्यांच्या, असं ठरलं. मला विचाराल तर हेच बरं झालं. बाहेरून आणलेल्या प्लास्टिकच्या होड्यांमध्ये बसून नदी आपली म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

आता परवानगी. औषधाच्या दुकानाचा परवाना काढलेला आणि दर वेळी नूतनीकरण करणारा माणूस कागदाला भीत नाही, असा माझा समज आहे. इथे प्रश्न वेगळाच निघाला. अर्ज करायचा कुणाकडे?

गोवळकोटचं पाणी भरती-ओहोटीचं, म्हणजे खाडीचं. तिथे सागरी मंडळाचा संबंध येतो. तळ आणि काठ सरकारी, म्हणजे महसूल खात्याकडचे. पूर आणि गाळ म्हटलं की जलसंपदा. शहरातला काठ आणि त्यात उतरणारी गटारं नगर परिषदेची. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली, ती वन विभागाची. माणसं जमणार म्हणून पोलीस. एवढ्यावर भागत नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी मिळून २८ क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग आहे, दाभोळच्या मुखापासून पेढे गावाच्या पुलापर्यंत ४५ किलोमीटर. म्हणजे आमच्या नदीला दिल्लीतही एक मालक आहे, हे मला हा अर्ज करायला घेईपर्यंत माहीत नव्हतं. गटातल्या एकानेही ते ऐकलेलं नव्हतं.

एका कार्यालयात सांगितलं, आधी त्यांचं ना-हरकत आणा. त्यांच्याकडे गेलो तर ते म्हणाले, पाणी आमच्याकडे येतच नाही, तुम्ही पहिल्यांकडेच जा. एका ठिकाणी अर्जाच्या नमुन्यात 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना होता. धार्मिक, राजकीय, क्रीडा, सांस्कृतिक. आम्ही यातलं काहीच नव्हतो. टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "जनजागृती लिहा. त्याला कुणी नाही म्हणत नाही." खरंच कुणी नाही म्हटलं नाही. हो मात्र उशिरा म्हटलं.

यातून एक युक्ती सापडली, ती सांगून ठेवतो. वेगवेगळे अर्ज करू नका. एकच अर्ज लिहा, वर सगळ्यांची नावं घाला, आणि प्रत्येक कार्यालयात त्याच अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तिसरा-चौथा शिक्का पडला की पुढचा अधिकारी आधीचे शिक्के बघतो आणि त्याला धीर येतो. अर्जात मार्ग, वेळ, होड्यांची संख्या, प्रत्येक होडीतली माणसं, जबाबदार माणसाचा फोन, एवढं असलं की पुरतं. हेतूवर पान भरून लिहू नका. आमचा पहिला मसुदा नदीच्या इतिहासापासून सुरू होत होता, तो गटातल्या वकीलसाहेबांनी निर्दयपणे कापला.

वन विभागाशी झालेलं बोलणं सगळ्यात कामाचं ठरलं. थंडीत सकाळी मगरी काठावर ऊन खायला येतात, तेव्हा त्यांच्यापासून लांबून जा, ढोल-ताशे नकोत, ड्रोन नको. आणि थंडी ओसरली की त्यांचा अंडी घालण्याचा काळ येतो, तेव्हा काठाला लागूच नका. म्हणजे दिवस मार्गशीर्ष-पौषातलाच घ्यायचा, हे ठरलं.

पण त्यातला कुठला? वाशिष्ठीत हा प्रश्न कॅलेंडर बघून सुटत नाही. किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. एकादशीची सव्वाआठ. हे समुद्रावरचं. दाभोळहून पाणी आत गोवळकोटला चढायला आणखी वेळ लागतो, तो किती हे चाचा काठाचा चिखल बघून सांगतात आणि ते मोबाइलपेक्षा कमी चुकतात. आम्हाला हवं होतं भरतीबरोबर वर शहराकडे आणि सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, खाली परत. नवशिक्यांच्या हातात वल्हं देणार, तर पाण्याच्या विरुद्ध ओढायला लावण्यात शहाणपणा नाही.

दुसरा हिशोब अवजलाचा, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेल्या पाण्याचा. पूर्वेला कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेचं पाणी सह्याद्री पोखरून पश्चिमेला आणलं जातं. पोफळी, अलोरे इथे वीज करून ते वाशिष्ठीत सोडतात. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. त्या अवजलामुळेच आमची नदी एप्रिल-मेमध्येही वाहती असते, कोकणातल्या इतर नद्यांसारखी दगडगोट्यांची होत नाही. पण वीजनिर्मिती वाढली की पाणी वाढतं, थांबली की नदी बसते. तेव्हा आमच्या नदीला दोन घड्याळं आहेत, एक चंद्राचं आणि दुसरं राज्यभरातल्या दिव्यांचं. पहिल्याचं वेळापत्रक पंचांगात मिळतं. दुसऱ्याचं आगाऊ मिळत नाही, कारण वीज मागणीप्रमाणे तयार होते. असं उत्तर मिळालं आणि ते मला पटलं, म्हणून आम्ही वरच्या अंगाला एकाला काठावर उभं करायचं ठरवलं. पाणी चढताना दिसलं की त्याने फोन करायचा.

रविवार आणि योग्य भरती जुळवताना नेमकी एकादशी आली. मग नाश्त्यावरून गटात जो वाद झाला तो परवानगीच्या फेऱ्यांपेक्षा तिखट होता. निम्म्यांचा उपास. शेवटी सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी, आणि चाचांच्या घरून आलेल्या नानकटाया ज्यांना चालतात त्यांना.

लाइफ जॅकेट मगरी दाखवणाऱ्या बोटवाल्यांनी वापरायला दिली. पैसे घेतले नाहीत. लहान मुलांच्या मापाची पुरेशी नव्हती, म्हणून दहा वर्षांखालच्यांना नाही म्हणावं लागलं. दोन-तीन घरं नाराज झाली. ती आजही आहेत.

सकाळी धुकं होतं, ते उठेपर्यंत थांबलो. आमच्या आळीतल्या एक काकू आल्या होत्या. २०२१ला त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. नंतर पावसाळ्यात त्या रात्री झोपत नाहीत, हे सगळ्या आळीला माहीत आहे. होडीत पाय टाकेपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही. बसल्या त्या पाण्याकडे पाठ करून, चाचांकडे तोंड करून. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी इथे पाणी कुठवर होतं हो?" चाचांनी वल्हं उचलून काठावरच्या एका भिंतीवर दाखवलं. आम्ही सगळ्यांनी मान वर करून बघितलं. मग ते म्हणाले, "त्या दिवशी आमच्या होड्या शहरात हव्या होत्या. तेव्हा परवानगी कुणी मागितली नाही." माझ्या पिशवीत सगळ्या शिक्क्यांची फाइल होती. मी काही बोललो नाही.

वल्हवणं म्हणजे काय ते पहिल्या वळणालाच कळलं. सगळे जोर लावून पाणी कापत होते आणि होडी गोल फिरत होती. "ताकद नको, एकत्र ओढा," एवढंच चाचा सांगत होते. दुकानातल्या पोराला ते सगळ्यात आधी जमलं आणि मग तो इतरांना ओरडायला लागला.

पाण्यातून शहराची मागची बाजू दिसते. दर्शनी भिंती रंगवलेल्या असतात, नदीकडच्या नाहीत. गटारांची तोंडं, काठावर टाकलेला बांधकामाचा राडारोडा, झाडांना वर अडकून राहिलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या. जिथे गाळाची बेटं होती तिथे काही ठिकाणी खरंच मोकळं पाणी झालंय, हे मान्य करायला हवं. काही ठिकाणी बेट जागेवरच आहे आणि त्यावर गवत वाढलंय. पुलावरून हिरवं दिसतं, म्हणून लोक त्याचेच फोटो काढतात.

फोटोंबद्दल आणखी एक गोष्ट, कारण याच कामात सगळ्यात जास्त डोकं लागलं. भरतीला काढलेल्या फोटोत गाळ दिसत नाही आणि सुकतीला काढलेला फोटो दाखवला तर समोरचा म्हणतो, ही ओहोटी आहे, पाणी असंच दिसणार. म्हणून एकच जागा जाताना आणि येताना, दोन्ही वेळा टिपायची, खाली तारीख, वेळ, तिथी आणि भरतीची स्थिती लिहायची. मगच त्या जोडीला अर्थ येतो. आमच्या गटातल्या दोन कॉलेजच्या मुलींनी हे काम इतकं नेटकं केलं, की नकाशावर त्यांनी टाकलेल्या खुणा बघून काही जुन्या लोकांनीही विचारलं, हा नाला इथे उतरतो होय?

तो नकाशा आणि फोटोंच्या जोड्या लावून निवेदन दिलं. या वेळी शिक्के भराभर मिळाले, टेबलं आता ओळखीची होती. उत्तरंही आली. बहुतेकांत एकच वाक्य आहे: आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे. कुणी कुणाकडे पाठवला याचा मी वहीत तक्ता केलाय. दोन कार्यालयांनी तो एकमेकांकडे पाठवलाय, तेव्हा वकीलसाहेबांनी आता दोघांनाही एकाच तारखेला माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. राडारोडा टाकायची एक जागा मात्र बंद झाली, तिथे वाटेवर मोठे दगड लावलेत. ते कुणी लावले हे कुठल्याच उत्तरात नाही.

पुढची फेरी येत्या पौषात आहे. लहान मापाची जॅकेटं कुणाकडे असतील तर दुकानावर आणून द्या. दुपारी एक ते चार बंद असतं.