तुम्ही विचारलंत म्हणून: पेनड्राइव्हला कुठला फॉरमॅट मारू?

प्रश्न साधारण असा येतो: घरी लिनक्स, कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज आणि लिनक्स दोन्ही, मैत्रिणीकडे मॅक. ॲडमिनचा पासवर्ड फक्त घरच्या मशीनचा. मग पेनड्राइव्ह सगळीकडे चालावा कसा?

एक्सफॅट (exFAT) करा, आणि ते घरीच उरकून घ्या. फॉरमॅट म्हणजे पेनड्राइव्हवर फायली मांडून ठेवण्याची पद्धत; खालची एनटीएफएस, फॅट३२, एक्सटी-४ ही अशाच इतर पद्धतींची नावं.

एनटीएफएस मॅकवर नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. फॅट३२ सगळीकडे चालतं, पण त्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही. लिनक्सप्रेमी लिनक्सचं स्वतःचं एक्सटी-४ (ext4) सुचवतात. ते विंडोज आणि मॅक सरळ उघडत नाहीतच, पण दुसऱ्या लिनक्सवरही अडतं. एक्सटी-४मध्ये फाइलचा मालक नावाने नव्हे, नंबराने नोंदलेला असतो. उबंटू या लिनक्सवर पहिल्या युजरचा नंबर १०००. लॅबमध्ये तुमचा नंबर भलताच. म्हणजे फाइल तुमची, पेनड्राइव्ह तुमचा, तरी ‘परवानगी नाही’. सुडो (लिनक्सवरचा ॲडमिनचा अधिकार) नसेल तर बसा बघत. एक्सफॅटमध्ये मालकाची नोंदच नसते. पेनड्राइव्ह जो लावेल, त्याच्या नावावर सगळ्या फायली दिसतात.

अर्थात, तो रिक्षात राहिला तर सापडेल त्याच्याही नावावर. फायली कुलूपबंद करणाऱ्या व्हेराक्रिप्टची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) आवृत्ती विंडोजवर ॲडमिनचा पासवर्ड मागते, त्यामुळे खाजगी कागदपत्रं मी सेव्हन-झिप या फायली बांधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड लावून ठेवते. प्रोग्रॅमिंगवाल्यांनी फोल्डर टार करून (एकाच फाइलमध्ये बांधून) न्यावं, नाहीतर एक्झिक्युट परवानग्या (फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवायची मुभा) आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) वाटेत गळतात. आणि ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपटू नका. एक्सफॅटला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नाही, अर्धवट लिहिलेलं सावरायला काही नसतं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, एक्सफॅट आलं २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून. लॅबमधल्या मशीनवरचं लिनक्स त्याहून जुनं असेल आणि वेगळा ड्रायव्हरही टाकलेला नसेल, तर मुकाट्याने फॅट३२.

आपल्या लोकांना हमखास नडणारी गोष्ट वेगळीच: फाइलचं नाव. एक्सफॅट २५५ अक्षरं मोजतं, एक्सटी-४ मात्र २५५ बाइट. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी धरून प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे फार तर ८५ चिन्हं. ‘प्रकल्प अहवाल अंतिम सुधारित सरांनी तपासलेला’ अशी शेपूट वाढवत गेलात, तर विंडोजवर मजेत चाललेली फाइल घरच्या लिनक्सवर (तिथली डिस्क बहुधा एक्सटी-४ असते) कॉपीच होत नाही. त्यावर ॲडमिनचा पासवर्डही उपयोगाचा नाही, नाव छाटा.