आमच्याकडे डीजे ‘लावतात’

शनिवार, रात्री पावणेबारा

भाचा चार दिवसांसाठी आलाय. बारावीचा निकाल लागायचाय आणि त्याआधीच त्यानं घरात जाहीर केलंय की आपण डीजे होणार. ताईचा फोन आला, "तुझ्यावर गेलाय. तूच समजाव त्याला." म्हणजे गुन्हाही माझा आणि निकालही मीच द्यायचा.

तर समजावणीचा कार्यक्रम म्हणून जेवणं झाल्यावर दोघांनी लॅपटॉपवर 'वी आर युअर फ्रेंड्स' बघितला. निवड त्याची. २०१५ चा सिनेमा, दिग्दर्शक मॅक्स जोसेफ, नायक झॅक एफ्रॉन. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत राहणारी चार पोरं. हॉलिवूड डोंगराच्या पलीकडं, ही अलीकडं. अंतर फार नाही, पण ह्या चौघांना ते कापता कापत नाही. त्यातला कोल रात्री क्लबात गाणी वाजवतो, बाकीचे तिघं पब्लिक गोळा करून आणतात. कोलचा हिशेब साधा आहे. एक लॅपटॉप, अंगात थोडीफार कला आणि एक गाणं. एकच गाणं लागलं की झालं.

ते वाक्य आलं तसं भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी पाण्याची बाटली शोधत होतो.

एक प्रसंग मात्र मी मागं नेऊन पुन्हा लावायला सांगितला. कोल समजावून सांगतो की लोकांना नाचवायचं तर आधी बेसनं धरायचं, मग वेग हळूहळू चढवत मिनिटाला १२८ ठोक्यांवर न्यायचा. तिथं पोचलं की छातीतले ठोके आणि गाण्यातले ठोके एक होतात म्हणे. डॉक्टर ऐकेल तर हसेल. आकडा तसा हवेतला नाही, क्लबात वाजतं ते हाऊस संगीत बहुतेक १२० ते १३० च्या मधेच चालतं. पण ते काळजामुळं की सवयीमुळं, कोण सांगणार? आमच्या वेळी आम्हाला आकडा ठाऊकच नव्हता. आम्ही नवरदेवाच्या चुलत्याचे पाय बघायचो. ते अडखळले की समजायचं, वेग जास्त झाला.

सिनेमातला मला आवडलेला माणूस कोल नाही, तो जेम्स. वेस बेंटलीनं केलाय. नाव कमावून बसलेला, दारूत भिजलेला, तेच तेच वाजवून कंटाळलेला डीजे. तो कोलचं गाणं ऐकतो आणि तोंडावर सांगतो, हे सगळं दुसऱ्यांचं उसनं आहे, आजूबाजूचे खरे आवाज ऐक. त्याला बघताना मला एव्हिची आठवला. स्वीडनचा तो डीजे पोरगा, २०१६ मध्ये त्यानं दौरे थांबवले आणि २० एप्रिल २०१८ ला मस्कतमध्ये वारला. वय २८. सिनेमा आला तेव्हा तो जिवंत होता, रात्रीमागून रात्री वाजवत होता.

बाकी सिनेमा ठीकठाक. पोरी दिसायला चांगल्या, ऊन चांगलं, दुःख जरा घाईतलं. अमेरिकेत तो दणकून पडला. तेवीसशेच्या वर थिएटरं आणि पहिल्या तीन दिवसांत जेमतेम १८ लाख डॉलर. भागाकार केला तर थिएटरमागं आठशे डॉलरसुद्धा पडत नाहीत. प्रसिद्धीच्या मागं धावणाऱ्या पोराचा सिनेमा आणि बघायला माणूस नाही. हे मी भाच्याला ऐकवलं, जरा खुशीतच.

"मग आपण का बघतोय?" तो म्हणाला.

झोपतो.

रविवार, दुपार

सकाळी चहा घेताना त्यानं विचारलं, "मामा, तू कसला डीजे होतास?"

ह्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर आधी व्याकरण सांगावं लागतं. आमच्याकडं डीजे हा माणूस नसतो. डीजे 'येतो' तो टेम्पोतून. डीजे 'लावतात'. डीजे 'बंद करा रे' म्हणतात. डीजेनं खिडकीची काच गेली, डीजेनं आजीच्या छातीत धडधडलं. ह्यातल्या एकाही वाक्यात माणूस नाही, सगळीकडं बॉक्सची भिंत आहे. खाली बेस, वर टॉप, मागं जनरेटर. आणि त्या जनरेटरच्या शेजारी, डिझेलच्या धुरात, लॅपटॉपवर प्लास्टिकचा कागद धरून जो उभा असतो तो 'ऑपरेटर'. पब्लिक भिंतीकडं तोंड करून नाचतं. ऑपरेटर भिंतीच्या मागं. तीन वर्षं मी बहुतेक नवरदेवांचे चेहरेही नीट बघितले नाहीत.

मूळ शब्द पूर्ण माणसाचा आहे, हे मला फार उशिरा कळलं. डिस्कवर स्वार झालेला तो डिस्क जॉकी. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या डीजेनं बहिणीच्या पार्टीत गाणी वाजवली, त्याची गोष्ट आता सगळीकडं सांगतात. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा आला की लोक पेटतात हे त्यानं हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायच्या, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा आणि पहिली मागं फिरवायची. सगळा खेळ दोन हातांचा. गंमत म्हणजे त्याचे बॉक्सही दांडगे होते, जमैकाच्या साउंड सिस्टीमची सवय घेऊन आलेला माणूस तो. म्हणजे आम्ही अगदीच वाट चुकलो असं नाही. त्याच्याकडून बॉक्स घेतले, हात तिथंच राहिले.

तर मी कसला डीजे होतो? दोन टॉप, दोन बेस, एक सेकंडहँड लॅपटॉप. पाटण तालुक्यात, २०१० ते २०१३. भागीदार माझा शाळेपासूनचा दोस्त. हळदीची सुपारी चार हजाराची, त्यात टेम्पो आणि डिझेल. स्पीकरचा कोन फाटला तर महिन्याची कमाई त्या कोनात. मी गाणी जोडायचो, तो वायरी ओढायचा, पैसे मागायचा, भांडणं मिटवायचा. सिनेमातल्या त्या तिघांचं काम आमच्यात तो एकटा करायचा.

आणि कोलचं पब्लिक जेव्हा क्लबात शिरतं ना, तेव्हा आमचं दुकान बंद व्हायचं. रात्री दहाला पोलिसांची गाडी. नियम २००० सालचा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. पंचावन्न म्हणजे दोन माणसं बोलतात त्याच्या आसपास. आमचा बेस नुसता सुरू केला तरी पत्र्यावरची कबुतरं उडायची, त्यामुळं दिवसाचीही मर्यादा आम्ही कधी पाळली असेल असं मला वाटत नाही. त्या वेळी पोलिसांचा राग यायचा. आता शेजारच्या मंडळासमोर भिंत लागते तेव्हा दहा कधी वाजतात ह्याची मी घड्याळ बघत वाट बघतो.

माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते, तेव्हापासून. बारीक, अखंड, रात्री फॅन बंद केला की जास्त. हे भाच्याला सांगितलं. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. "कानात बोळे घालून वाजव, नाहीतर वाजवू नको," एवढाच उपदेश केला. ताईला सांगायला तेवढा पुरे.

प्रसिद्धीचं विचारलंच त्यानं. सांगितलं.

त्या वेळी प्रसिद्धीचा कारखाना म्हणजे मोबाइलचं दुकान. दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून मिळायचं. आपलं रिमिक्स त्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये गेलं की तालुक्याच्या खिशात गेलं. गाणं अर्थातच आपलं नसायचं. कुठलं तरी सिनेमातलं गाणं घ्यायचं, खाली संबळ किंवा हलगीचा तुकडा फिरवत ठेवायचा, वेग वाढवायचा. उसनंच सगळं, जेम्सला दाखवलं असतं तर त्यानं हाकलूनच दिलं असतं. म्हणून मग दर मिनिटाला मधेच आपलं नाव घालायचं, त्याला टॅग म्हणतात. गाणं दुसऱ्याचं, आवाज दुसऱ्याचा, ताल दुसऱ्याचा, नाव तेवढं आपलं.

एकदा कराडहून पाटणला वडापच्या जीपनं येत होतो. मागच्या बाकावर, मांडीवर कुणाची तरी कोंबडी असलेली पिशवी. आणि जीपमध्ये आमचं रिमिक्स लागलं. टॅग आला. माझे कान तापले. पाच-सात मिनिटं गप्प बसलो, मग राहवेना, पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणालो, "दादा, हे मी केलंय."

त्यानं आरशात बघितलं. "असंल," म्हणाला. आणि गाणं बदललं.

भाचा इतका हसला की चहा सांडला. मग म्हणाला, "पण लागलं होतं की नाही वडापमध्ये?" लागलं होतं. हे मी कसं नाकारू?

रविवार, रात्री

त्याचं स्वप्न वडापचं नाही, सनबर्न ह्या डीजेंच्या महोत्सवाचं आहे. २००७ मध्ये गोव्यात कांदोळीला सुरू झालं तेव्हा हा दुपट्यात होता. २०१६ ला ते पुण्याजवळ केसनंदला आलं. त्या डिसेंबरात मी वाघोलीपर्यंत मोटरसायकलनं जाऊन आलो. तिकीट काढलं नव्हतं, नुसता बेस ऐकू येतो का बघायला. ट्रॅफिक ऐकू आला.

संध्याकाळी त्यानं त्याचा कंट्रोलर काढला, लॅपटॉपवरची गाणी जोडायचं यंत्र. दिवाळीपासून पैसे साठवून घेतलेला, दप्तरात मावतो. सिंक नावाचं बटण दाबलं की दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळतात. मी म्हटलं ते बंद कर आणि कानानं जुळव. वीस मिनिटं जमलं नाही. घोडे टपटपल्यासारखा आवाज येत होता, दोन गाण्यांचे ठोके एकमेकांच्या पुढंमागं. मग एकदा जमलं. सतरा-अठरा सेकंद. त्या वेळचा त्याचा चेहरा मी ताईला सांगणार नाही.

"अस्सल डीजे व्हायनलच वाजवतात," असं तो मग मोठ्या आवाजात म्हणाला. व्हायनल म्हणजे जुन्या तबकड्या. म्हटलं, गोव्यात हणजूणच्या उन्हात व्हायनल वाकडी व्हायची म्हणून तिथल्या पार्ट्यांत कॅसेटी आणि डॅट नावाच्या डिजिटल टेपा चालायच्या, आणि त्यातून 'गोवा ट्रान्स' हा अख्खा संगीतप्रकार निघाला. गप्प बसला. मामानं कधी कधी जिंकायला पाहिजे.

सोमवार, रात्री

ऑफिसातून आल्यावर माळ्यावरची जुनी हार्ड डिस्क काढली. वायर मिळेना, शेवटी भाच्याकडचीच बसली. 'हळद फायनल', 'हळद फायनल २', 'हळद खरं फायनल' असली नावं. सगळं ऐकवत नाही. टॉप इतके चिरकतात की आपण माणसांना हे ऐकवायचो ह्याची लाज वाटते.

आणि मधेच टॅग आला.

बाकीचे लोक स्टुडिओतून टॅग करून घ्यायचे. इंग्रजीत बोलणारी बाई, मागं घुमणारा आवाज, पाचशे रुपये. आमच्याकडं पाचशे नव्हते. म्हणून दोस्तानं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर भरला होता, त्यांच्या घरामागच्या बोळात, आवाज घुमावा म्हणून. माझं नाव, पुढं डीजे, आणि मग त्याची ती आरोळी, "आरं धरा कीऽऽ!" आरोळी संपता संपता मागं एक म्हैस ओरडते. ते कापायचं मला तेव्हा जमलं नव्हतं. म्हणून तीन वर्षं प्रत्येक हळदीत, दर मिनिटाला, ती म्हैस.

सिनेमात चौघांतला सगळ्यात शहाणा आणि शांत पोरगा एका पार्टीनंतर मरतो. शेवटी कोल आजूबाजूचे आवाज जमवून गाणं करतो, त्यात त्याचाही आवाज येतो. आपलं कधी ह्याहून बरं काही होणार आहे का, असं विचारणारा. परवा बघताना मला ते जरा साखर घातल्यासारखं वाटलं होतं. आज म्हैस ओरडल्यावर मी उठून खिडकीपाशी गेलो.

दोस्त मेलेला वगैरे नाही. कराडला आहे, स्वतःचा टेम्पो आहे, दोन मुली आहेत. आम्ही बोलत नाही इतकंच. शेवटच्या सुपारीला जनरेटरच्या भाड्यावरून वाजलं, मी नोकरीसाठी इकडं आलो, बॉक्स त्यानं विकले, निम्मे पैसे पाठवले, मी पोचले म्हणूनही कळवलं नाही. भांडण एवढंच होतं. आठवत नाही म्हणायची सोय नाही, आकडासुद्धा आठवतो.

"मामा, हेच तर जेम्स म्हणत होता," भाचा म्हणाला. "आजूबाजूचे खरे आवाज. तुमच्याकडं आधीच होते."

मी टॅगची ती सहा सेकंदांची फाइल वेगळी काढली आणि दोस्ताच्या नंबरवर पाठवली. खाली काही लिहिलं नाही. काय लिहिणार? निळ्या खुणा लगेच आल्या. मग कितीतरी वेळ काही नाही. जेवणं झाली, भांडी झाली.

दहा वाजून गेल्यावर उत्तर आलं.

"म्हस आमची न्हवं, शेजारच्यांची हुती."

आणि त्याच्या खाली, लगेच: "जनरेटरचं साडेआठशे राहिल्यात तुझ्याकडं."

पाठवले. त्यानं नुसता अंगठा टाकला.

भाचा तोवर हेडफोन लावून बसला होता. एक कान मोकळा करून म्हणाला, "मामा, ती म्हैस मी वापरू का?"

म्हटलं, विचारून सांगतो.