आजीचं गाडगं आणि चेशायरचं चीज

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. दर बुधवारी संध्याकाळी इथे अमेरिकेत आमच्या चर्चमधल्या सात-आठ जणी पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला जमतो. त्या दिवशी प्रार्थना झाली, आणि एकीने पिशवीतून कागद काढला. गावातल्या सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा तक्ता लागावा, असा अर्ज होता. लुइझियाना राज्याने २०२४ मध्ये तसा कायदा केला आणि लगेच तो कोर्टात गेला, हे सगळ्यांच्या कानावर होतंच. कागद हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला. पेनसुद्धा आलं.

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

तिला ते लागलं. बाई फार चांगली आहे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दोन आठवडे रोज संध्याकाळी सूपचं भांडं दारात ठेवून जायची. ती म्हणाली, "तुझे पूर्वज आमच्याच मिशनऱ्यांमुळे ख्रिस्ती झाले ना? मग पहिली सही तुझी हवी. ती चर्च आणि सरकार यांच्यातली भिंत वगैरे देव न मानणाऱ्यांनी काढलेली गोष्ट आहे."

मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. रात्री झोप येईना, आणि सारखी आजी आठवत होती.

माझी आजी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याची. अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं ते. घरात चुलीच्या डाव्या हाताला कोनाड्यात एक गाडगं असायचं. दळण गिरणीत पाठवण्याआधी आजी त्यातून मूठभर बाजरी काढून गाडग्यात टाकायची. ती देवाची मूठ. महिनाअखेरीला ते धान्य मंडळीला जायचं, पाळकसाहेबांच्या घरी. बहात्तरच्या दुष्काळात घरात बाजरीचा दाणा नव्हता. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. आजीने त्या मिलोचीही मूठ काढली. पाळकसाहेब स्वतः घरी आले आणि म्हणाले, "बाई, यंदा राहू द्या." आजी त्यांच्यावर रागावली. "तुम्ही मागितलं म्हणून देते का मी?" तिला वचन पाठ होतं: देणे भाग पडते म्हणून देऊ नये, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. करिंथकरांस दुसरं पत्र, नववा अध्याय.

मी मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, पिट्सफील्डमध्ये राहते. त्या शनिवारी गाडी काढली आणि सात नंबरच्या रस्त्याने उत्तरेला विल्यमस्टाउनला गेले. इतकी वर्षं इथे राहून तिथे कधी गेले नव्हते, याचं वाईट वाटतं. विल्यम्स कॉलेजच्या आवारात एक संगमरवरी स्तंभ आहे, वर पृथ्वीचा गोल. १८०६ च्या ऑगस्टमध्ये पाच विद्यार्थी तिथे प्रार्थनेला जमले असताना वादळ आलं. ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले आणि तिथेच त्यांनी आशियात शुभवर्तमान न्यायचं मनात धरलं. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था निघाली. बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. हॉलही याच कॉलेजचे. १८३१ मध्ये नगरचं ठाणं सुरू झालं. तिथून वडाळा, आणि वडाळ्याहून आमची आजी. दगडावर कोरलेली ती पाच नावं मी बोटाने एकेक करून वाचली. पायाशी मेपलची लाल पानं पडली होती. मनापासून आभार मानले, अगदी मराठीत, मोठ्याने.

पण तिथेच उभं राहून दुसरी गोष्टही मनात आली, आणि तीच मला इथे लिहायची आहे.

हे मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा त्यांचंच चर्च जवळजवळ सरकारी होतं. गावोगाव धर्मोपदेशकाच्या पगारासाठी कर बसायचा. राज्याच्या १७८० च्या घटनेत तशी तरतूदच होती आणि ती रद्द व्हायला १८३३ साल उजाडलं. म्हणजे नगरला मिशनचं ठाणं पडलं तेव्हा इकडे देवाच्या नावाने करवसुली चालूच होती. पण नगरपर्यंत जे पोचलं ते त्या कराच्या पैशातून नाही. अमेरिकन बोर्ड चाललं ते वर्गणीवर, लोकांनी आपखुशीने दिलेल्या नाण्यांवर. माझ्या आजीचं गाडगं आणि इथल्या त्या वर्गणीच्या पेट्या एकाच जातीच्या.

आणि हेच लोक मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्या मागे कुठलंच सरकार नव्हतं. कंपनी सरकारने त्यांना कलकत्त्याहून निघून जायला फर्मावलं होतं, मुंबईहूनही परत धाडायचं घाटत होतं. त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना पत्रांवर पत्रं लिहिली, की आम्ही देवाच्या आज्ञेने आलो आहोत, आम्हाला घालवू नका. त्याच वर्षी कंपनीची सनद नवी झाली आणि मिशनऱ्यांना वाट मिळाली. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकहून परतताना वाटेतच कॉलऱ्याने गेले. सत्तेशिवाय, दारोदार फिरून जो विश्वास त्यांनी सांगितला, तोच आमच्या घरात रुजला.

कराचं म्हणाल तर तो नुसता आकडा नव्हता. शेजारच्या कनेक्टिकटमध्ये, नॉर्विच गावात, एलिझाबेथ बॅकस नावाची विधवा होती. फार श्रद्धाळू. तिचा गट सरकारी चर्चमधून वेगळा झालेला, म्हणून तिने चर्चचा कर द्यायला नकार दिला. १७५२ च्या शरद ऋतूत, रात्री नऊच्या सुमाराला, अंधारात, पावसात तिला घरातून उचलून तुरुंगात नेलं. बाई आजारी होती. तेरा दिवस आत ठेवलं. हे तिने स्वतः आपल्या मुलाला पत्रात लिहिलंय. तो मुलगा आयझॅक बॅकस पुढे बॅप्टिस्ट या सरकारी चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथाचा पाळक झाला आणि आयुष्यभर या कराविरुद्ध झगडला. आमच्या इथून फार लांब नसलेल्या ॲशफील्ड गावात तर १७७० मध्ये बॅप्टिस्टांची सुमारे चारशे एकर जमीन लिलावात काढली, चर्चचा कर थकला म्हणून. एका म्हाताऱ्याची फळबाग गेली, घर गेलं, दफनभूमीसुद्धा गेली. शेवटी इंग्लंडच्या राजाने हा कर लादणारा कायदा रद्द केला.

ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांची थडगी विकली, तीही ख्रिस्ताच्या नावाने! आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणानेच शेत खाल्लं. अगदी तसं.

कुंपणावरून आठवलं. चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीची कल्पना राष्ट्राध्यक्ष जेफरसनने केलेल्या प्रसिद्ध उल्लेखाच्याही दीडशे वर्षं आधीची. रॉजर विल्यम्स नावाच्या धर्मोपदेशकाला मॅसॅच्युसेट्सने हद्दपार केलं, त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. त्याने १६४४ मध्ये लिहिलं की चर्च ही बाग आहे आणि जग हे रान. दोहोंमधलं कुंपण मोडलं की बागेचंच रान होतं. त्याला काळजी बागेची होती. नगरकडे घायपाताचं कुंपण घालून डाळिंब जपणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

विल्यमस्टाउनहून परतताना मी मुद्दाम नॉर्थ ॲडम्सकडून वळसा घेतला आणि आठ नंबरच्या रस्त्याने चेशायरला उतरले. जेमतेम अर्ध्या तासाची वाट. चेशायर छोटं गाव आहे, पोस्टाजवळच्या चौकात सिमेंटचं एक विचित्र स्मारक उभं आहे. बघताक्षणी मला आपल्याकडचा उसाचा चरकच वाटला. आहेही तसंच. सफरचंदाचा रस काढायच्या दाबयंत्राची ती प्रतिकृती, आणि त्यावर जॉन लेलँड या बॅप्टिस्ट पाळकाचं नाव.

लेलँड मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, पण उमेदीची वर्षं व्हर्जिनियात उपदेश करत फिरला. तिथे अँग्लिकन चर्च सरकारी. परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून बॅप्टिस्ट प्रचारकांना तुरुंगात टाकत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या तरुण जेम्स मॅडिसनने १७७४ च्या जानेवारीत मित्राला पत्र लिहिलं त्यात याचा संताप आहे: पाच-सहा सज्जन माणसं केवळ आपली धर्ममतं जाहीरपणे सांगितली म्हणून कोठडीत आहेत. पुढे ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या पगारासाठी कर लावायचा प्रस्ताव व्हर्जिनियात आला, तेव्हा याच मॅडिसनने १७८५ मध्ये विरोधाचा अर्ज लिहिला. नुसते तीन पेन्स जरी सक्तीने घेता आले, तरी तीच सत्ता उद्या काहीही मानायला लावेल, असं त्याचं म्हणणं. सह्या करणाऱ्यांत बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन भाविक ढिगाने होते. प्रस्ताव पडला, आणि १६ जानेवारी १७८६ ला जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियात मंजूर झाला. मग १७८७ ची राज्यघटना आली. तिच्यात एकच धार्मिक नियम आहे, की कुठल्याही पदासाठी धर्माची परीक्षा घ्यायची नाही. त्यानंतर १७९१ मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती: सरकारने कुठला धर्म स्थापू नये आणि कुणाच्या धर्माचरणाला आडकाठी करू नये. बॅप्टिस्टांनी मॅडिसनच्या मागे लागून लागून ती करवून घेतली, असं आजही त्यांच्या मंडळ्यांत अभिमानाने सांगतात.

जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा लेलँड चेशायरला राहत होता. धर्मस्वातंत्र्याच्या या पाठीराख्याला भेट द्यायला १८०१ च्या उन्हाळ्यात गावच्या बायका-पुरुषांनी एका दिवसाचं दूध आणलं, ते घट्ट केलं, आणि त्या दाबयंत्रात १२३५ पौंडांचं, म्हणजे साडेपाचशे किलोंहून जड, चीज दाबून काढलं. यात एकाही गुलामाची मेहनत नाही, असं त्यांनी सोबतच्या पत्रात बजावून लिहिलं, आणि ते गेलं मात्र गुलाम बाळगणाऱ्या माणसाच्या दारी. ही बोच आहेच, ती झाकायची नाही. १ जानेवारी १८०२ ला लेलँडने ते चीज वॉशिंग्टनमध्ये जेफरसनच्या हवाली केलं.

त्याच दिवशी जेफरसनने कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना उत्तर लिहिलं. भिंतीचा तो प्रसिद्ध उल्लेख त्या उत्तरात आहे. पण सगळे उत्तर वाचतात, मूळ पत्र कुणी वाचत नाही. डॅनबरीच्या लोकांनी लिहिलं होतं की आम्हाला जे धर्मस्वातंत्र्य आहे ते मेहेरबानी म्हणून मिळालेलं आहे, हक्क म्हणून नाही. त्यांना सरकारी चर्चच्या करातून सुटायला दाखला द्यावा लागे. आपण कोणत्या देवळात बसतो याचा दाखला! मेहेरबानी आणि हक्क. हे दोन शब्द वाचून मी कितीतरी वेळ गाडीत तशीच बसून राहिले.

दोनच दिवसांनी, रविवारी, लेलँडने प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात उपदेश केला आणि जेफरसन तो ऐकायला हजर होता. म्हणून या भिंतीचा अर्थ सार्वजनिक जीवनात देवाचं नावच नको, असा मी करत नाही. मार्टिन ल्यूथर किंग बॅप्टिस्ट पाळक होते आणि त्यांचं प्रत्येक भाषण शास्त्रातून उगवलेलं होतं. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी लिहिलं ते सरकारी कागदावर नाही, सरकारच्या कोठडीतून. विश्वासाने सत्तेला जाब विचारावा. पण सत्तेच्या हातात विश्वासाची छडी दिली की काय होतं, ते ॲशफील्डच्या दफनभूमीला ठाऊक आहे.

लेलँडने स्पष्ट लिहून ठेवलंय की यहुदी, तुर्क, मूर्तिपूजक आणि ख्रिस्ती, सगळे सारखेच मोकळे असावेत. आमच्याकडच्या मराठी मंडळींचा गणपती शाळेचा हॉल भाड्याने घेऊन बसतो. मी दरवर्षी मोदकांना हातभार लावते. त्याच शाळेच्या वर्गात, त्याच मुलांच्या डोळ्यांसमोर, माझ्या धर्माचा तक्ता सरकारने सक्तीने टांगावा? लहान मुलांना वर्गातून उठून जाता येत नाही. केंटकीचा असाच कायदा इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रद्द केला होता. आणि उद्या दुसऱ्या कुणाचं बहुमत झालं तर?

आपल्या भारताच्या घटनेत धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ सगळ्यांना माहीत असतं. कलम २७ फारसं कुणी बघत नाही. विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खर्च होणारा कर कुणावरही लादता येणार नाही, असं ते सांगतं. एलिझाबेथ बॅकसचं अंधाऱ्या रात्रीचं दुःख आणि वडाळ्याच्या अल्पसंख्य घरातली माझी आजी, दोघींना त्या एका कलमात जागा आहे. आजी मोकळेपणाने ख्रिस्ती राहिली ती अशाच शब्दांच्या आडोशाला. मग जिथे माझे लोक बहुसंख्य आहेत, तिथे मी तेच शब्द कसे मोडू?

पुढच्या बुधवारी मी लवकर गेले. ती खुर्च्या मांडत होती. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं, आणि का ते सांगायला आजीपासून सुरुवात केली. गाडगं, मिलो, पाळकसाहेबांवर निघालेला तो राग. चेशायरचं चीज तिला शाळेपासून ठाऊक होतं, पण ते बॅप्टिस्टांनी कशासाठी दिलं ते ठाऊक नव्हतं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "दुष्काळात किती टाकायची ग तुझी आजी?"

मी मूठ मिटून दाखवली. आजीची याहून लहान होती, म्हटलं.

अर्ज अजून तिच्या पिशवीत आहे. त्यावर नऊ सह्या आहेत. तिने तो फाडलेला नाही, आणि माझ्यापुढे परत धरलेलाही नाही. त्या रात्री आम्ही दोघींनी मिळून करिंथकरांचा तो अध्याय वाचला, तिने इंग्रजीत, मी मराठीत.