पेट्रोल ट्रकचा गिअरबॉक्स डिझेल कमिन्सच्या मागे बसवला, माझा अनुभव

ट्रक १९९२ चा डॉज, इंजिन ५.९ लिटरचं १२ व्हॉल्व्हचं कमिन्स. मूळचा गिअरबॉक्स गेट्राग जी३६०, त्याचे पार्ट मिळता मिळत नाहीत, त्यामुळे तो उघडून परत भरण्यात काही अर्थ नव्हता. त्याऐवजी एनव्ही४५०० टाकायचं ठरवलं, लोखंडी बॉडीचा पाच गिअरचा दणकट बॉक्स. डिझेलवाला मिळाला तर जवळजवळ सोन्याच्या भावात, आणि पेट्रोल व्ही८ च्या (आठ सिलिंडरच्या इंजिनच्या) ट्रकमधून काढलेला त्यापेक्षा बराच स्वस्त. सगळे म्हणत होते की पेट्रोलचा बसणार नाही. बसतो, पण फरक कुठे कुठे आहे ते आधी माहीत पाहिजे.

पहिला फरक बेलहाऊसिंगचा, म्हणजे इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या आवरणाचा, आणि खरं सांगायचं तर तो सगळ्यात सोपा. या बॉक्सचं बेलहाऊसिंग वेगळं निघतं, म्हणून पेट्रोलचं काढून ठेवायचं आणि डिझेलचं लावायचं. फोर्डच्या झेडएफ पाच गिअरवाल्यात ही सोय नाही, तिथे बेलहाऊसिंग केसबरोबरच ओतलेलं असतं, म्हणजे पेट्रोलचा बॉक्स आणला की अडलंच.

खरा घोळ इनपुट शाफ्टचा, म्हणजे क्लचकडून जोर बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचा. दोन्हीकडे १० च स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा), त्यामुळे नुसते मोजून काही कळत नाही, व्हर्नियर लावला की कळतं, पेट्रोल व्ही८ चा १ १/८ इंच म्हणजे साधारण २८.६ मिमी आणि डिझेलचा १ १/४ इंच म्हणजे ३१.७५ मिमी. तीन मिमीने काय होतंय असं वाटतं. पण पेट्रोलचं ते व्ही८ देतं ३३० पाउंड फुटाच्या आसपास टॉर्क, आणि हे कमिन्स १६० च हॉर्सपॉवरचं असून ४०० देतं, तेही १,७०० आरपीएमच्या आसपास, म्हणजे ट्रक लोड घेऊन जागेवरून उठतानाच सगळा जोर त्या दांड्यावर. बारीक शाफ्टला बसेल अशी क्लच प्लेट मिळते आणि काही जण तसंच चालवतात पण मला ते पटलं नाही, बॉक्स टेबलवर असताना शाफ्ट बदलणं किती सोपं आणि गाडीखाली झोपून परत उतरवणं किती त्रासाचं ते ज्याने हा ८०-९० किलोचा ठोकळा जॅकवर तोलून धरलाय त्याला विचारा. डिझेलचा शाफ्ट घेतला, जुन्या-नव्याचे दात मोजून सारखे आहेत याची खात्री केली, बेअरिंग नवीन टाकलं. पायलट बेअरिंगसुद्धा (इंजिनच्या बाजूला बसतं, शाफ्टचं टोक त्यात फिरतं) नवीन शाफ्टच्या टोकाच्या मापाचं.

बॉक्स उघडलाच होता तर मागची बाजूपण उघडली. या बॉक्सचं प्रसिद्ध दुखणं म्हणजे पाचव्या गिअरचा नट. डिझेलच्या धक्क्यांनी तो हळूहळू सैल होतो, गिअर शाफ्टवर मागे सरकतो आणि एक दिवस पाचवा गायब, बाकीचे चारही व्यवस्थित. माझा बॉक्स पेट्रोलच्या मागे वाढलेला, नट एकदम घट्ट, गिअरवर हात ठेवून हलवून बघितलं तर जराही ढिला नाही. तरी लॉकिंग नट टाकलाच, कारण इथून पुढे त्याची गाठ डिझेलशी आहे.

मग अलाइनमेंट (बेलहाऊसिंग इंजिनच्या बरोबर मध्यावर बसलंय का ते बघणं), जी बरेच लोक करतच नाहीत. डायल गेज (सुईचं मापयंत्र) इंजिनच्या मागच्या फ्लायव्हीलला पकडवायचा, सुई बेलहाऊसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवायची आणि इंजिन हाताने फिरवायचं. सुई एका पूर्ण फेरीत ०.००५ इंचापेक्षा जास्त फिरायला नको. माझी पहिल्यांदा जास्त दाखवत होती, बेलहाऊसिंग काढून बघितलं तर डॉवेलजवळ (बेलहाऊसिंग जागेवर धरणारी पिन) जुन्या रंगाचा पापुद्रा, तो घासून काढला आणि सुई जागेवर आली. हे सोडून दिलं तर पायलट बेअरिंग आणि इनपुटचं बेअरिंग लवकर जातं आणि लोक दोष देतात बॉक्सला.

क्रॉसमेंबर (बॉक्सखालचा आडवा आधार) सरकवणं, प्रोपेलर शाफ्टची लांबी कमी-जास्त करून बॅलन्स करणं, हे काम आहे पण त्यात डोकं लागत नाही. तेलाचं मात्र लक्षात ठेवा, सिंथेटिक ७५डब्ल्यू-८५ आणि जीएल-४ दर्जाचंच, साधारण पावणेचार लिटर. दुकानदार जीएल-५ हातात देईल, घेऊ नका, या बॉक्सच्या सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) ते चालत नाही.

चालू केल्यावर न्यूट्रलला आयडलवर बॉक्स खडखडतो, पेट्रोलच्या मागे असताना तो असा वाजत नाही म्हणून घाबरायला होतं. क्लच दाबला की गप्प बसला तर ते डिझेलच्या आयडलचे हिसके आहेत, तसंच चालवायचं. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर मात्र पायलट किंवा रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं), परत खाली उतरवा.