रविवारची पाच मिनिटं

पाऊस सरला की कोल्हापुरात आमच्या बोअरिंगच्या शॉपमध्ये कोकणातल्या गाड्या यायला लागतात. बहुतेक टेम्पोत बसून घाट चढतात, स्वतःच्या चाकांवर आलेली क्वचित. मालक पुण्या-मुंबईला, गाडी गावच्या घरी, गणपतीला आणि शिमग्याला बाहेर काढायची. इंजिन जाम झालंय म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "पण ताई, दर रविवारी पाच मिनिटं चालू करत होतो की!"

त्या पाच मिनिटांबद्दलच आज लिहितेय. त्यांच्यापायी चांगली चांगली इंजिनं हकनाक जाताना बघून जीव तुटतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं. थंड असेल तर थोडं बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या, भिंतीवर, थोडं ऑइलमध्ये, थोडं सायलेन्सरच्या पोटात राहतं. शिवाय थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, ते बोअरवरचा ऑइलचा थर धुऊन टाकतं. पाच मिनिटांत पाण्याचा काटा वर येतोही, पण ऑइल कोमटच असतं. म्हणजे आपण भिंत ओली केली, तिच्यावरचं तेल पुसलं आणि किल्ली काढून घरात गेलो. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बोट फिरवा. दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर हाताला लागला, तर हेच चाललंय.

यंदा देवगडकडून एक पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, आली. मालक काकांच्या वडिलांनी घेतलेली, त्यामुळे काकांचा तिच्यावर फार जीव. आषाढात बॅटरी उतरली, रविवार थांबले आणि गाडी दिवाळीपर्यंत तशीच उभी राहिली. हेड उघडलं तर एक आणि तीन नंबरचे बोअर चकचकीत, दोन आणि चारमध्ये पिस्टनच्या रिंगांच्या वर तांबूस पट्टा. काका म्हणाले, "अर्धंच कसं गंजलं?" या इंजिनची फायरिंग ऑर्डर, म्हणजे चार बोअरमध्ये पेट्रोल पेटायचा क्रम, १-३-४-२. एक नंबर पॉवर स्ट्रोकवर थांबला की तीन कॉम्प्रेशनवर असतो, दोघांचेही व्हॉल्व्ह बंद. चारचा इनलेट मात्र उघडा आणि दोनचा एक्झॉस्ट उघडा. एकाला कार्बोरेटरकडून, दुसऱ्याला सायलेन्सरकडून, चार महिने कोकणातली खारी, दमट हवा आत जात राहिली.

असं इंजिन हाती आलं की पहिली गोष्ट, सेल्फ मारायचा नाही. गाडी गिअरमध्ये टाकून ओढायचीही नाही. रिंगा मोडतात, आणि व्हॉल्व्ह गाइडमध्ये धरले असतील तर पुशरॉड वाकतात. प्लग काढायचे, टॉर्च मारून आत बघायचं, मग प्रत्येक भोकात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून ओतायचं. ॲसिटोन पटकन पेट घेतं, तेव्हा जवळपास विडी-सिगारेट नको. आठवडाभर ते मुरू द्यायचं, रोज थोडं वरून घालायचं. मग क्रँकच्या नटाला लांब पाना लावून अगदी केसभर पुढे, केसभर मागे. बाबा म्हणतात, हाताला कळतं. खरंच कळतं, आधी नुसता ताण लागतो, मग एका क्षणी आत काहीतरी सैल पडल्याचं जाणवतं. तिथून घाई केली की सगळं गेलं.

गंज नुसता वरवरचा असेल तर होनिंगने, म्हणजे बोअर आतून दगडाने हलकं घासून, काम भागतं. बोअरवर नख फिरवायचं. नख अडकलं तर खड्डा आहे, आणि खड्डा होनिंगने जात नाही. पॉलिश पेपर घासून तो लपवू तर अजिबात नका, त्याची कच बेअरिंगमध्ये जाते. काकांच्या चार नंबरला नख अडकलं. मग ६८ मिलिमीटरचे चारही बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकले. पद्मिनी बंद होऊन दोन दशकं उलटली तरी पिस्टन-रिंगा शोधल्यावर मिळतात, हे नशीब.

होनिंग झालं की ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने धुवायचा, पांढरं फडकं आतून फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. आणि वाळल्या वाळल्या लगेच ऑइलचा हात. उघड्या बिडावर तांबूस झाक यायला चहा पिऊन येण्याइतका वेळ पुरतो.

हे सगळं टाळता येतं. मे अखेरीला गाडी वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा आणि गरम असतानाच ऑइल-फिल्टर बदला. जुन्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर ठेवायचं नाही. रेडिएटरमध्ये नुसतं विहिरीचं पाणी नको, कूलंट हवं. टाकी पत्र्याची असेल तर काठोकाठ भरा, रिकाम्या जागेतली हवा टाकीत पाणी सोडते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते ओल ओढतं, म्हणून कार्बोरेटर मात्र कोरडा करून ठेवा. प्लग काढून प्रत्येक बोअरमध्ये दोन-तीन चमचे ऑइल घाला, हाताने इंजिन दोन फेरे फिरवा, प्लग लावा. एअर क्लीनरचं तोंड आणि सायलेन्सर ऑइलच्या बोळ्याने बंद करा. बॅटरी काढून घरात. अंगावर प्लास्टिक घालू नका, सुती कव्हर घाला. प्लास्टिक अंथरायचंच तर गाडीखाली अंथरा, मातीच्या जमिनीतून येणारी ओल अडते.

आणि मग गणपतीपर्यंत तिला हात लावू नका. ज्यांना राहवत नाही त्यांनी रविवारी गाडी बाहेर काढावी आणि ऑइल नीट तापेपर्यंत, अर्धा-पाऊण तास तरी चालवावी. त्याच्या अधलंमधलं काही नको.

बोळे कुठे कुठे घातलेत ते चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगला बांधा. गाडी काढताना बोळे काढून, प्लगही काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. प्लग लावून गाडी चालू करायची ती त्यानंतर. आतलं ऑइल जळून पांढरा धूर येईल, थोड्या वेळाने थांबतो.