आमची वाटचाल : क्लास सापडत नाही, मग जुना पत्ता शोधा

आमची फर्म सुरू झाली ती नव्या वेबसाइट बनवण्यासाठी. आज हातात असलेलं बरंचसं काम मात्र इतरांनी बांधलेले लाराव्हेलचे (वेबसाइट बांधायची पीएचपी भाषेतली तयार चौकट) जुने प्रकल्प पुढच्या आवृत्तीवर नेण्याचं आहे. ग्राहक वेगवेगळे, तरी अपग्रेडनंतर पडद्यावर येणारी ओळ एकच : क्लास नॉट फाउंड, म्हणजे हवा असलेला क्लास (कोडचा नाव दिलेला तुकडा) सापडला नाही.

पूर्वी आम्ही अडलेल्या फाइलमध्ये यूजची ओळ (कोणता क्लास वापरायचा ते सांगणारी) बदलायचो आणि पुढे जायचो. एका पानावरचा एरर जायचा, दुसऱ्यावरचा उगवायचा. क्लासचं पूर्ण नाव म्हणजे त्याचा पत्ता, आणि तो एकाच ठिकाणी लिहिलेला नसतो, हे नीट उमगल्यावर कामाची पद्धत बदलली. आता प्रश्न एकच धरतो : जुना पत्ता अजून कुठे कुठे शिल्लक आहे?

सगळ्यात जास्त पत्ते हलले ते आठव्या आवृत्तीत, सप्टेंबर २०२० मध्ये. मॉडेल (डेटाबेसच्या टेबलासाठीचा क्लास) ठेवण्याची ठरलेली जागा 'ॲप'मधून 'ॲप/मॉडेल्स'मध्ये गेली. डेटाबेसमधल्या 'सीड्स' फोल्डरचं नाव 'सीडर्स' झालं, आणि सीडर (सुरुवातीचा डेटा भरणारे क्लास) व फॅक्टरी (नमुन्याचा डेटा बनवणारे) दोन्हींना नेमस्पेस, म्हणजे पत्त्यातला नावाआधीचा भाग, आली. कंपोझर हे पीएचपीची पॅकेजेस आणणारं आणि क्लासच्या फाइली शोधून देणारं साधन. त्याच्या जेसन फाइलमधली क्लासमॅपची (क्लास कुठे आहेत त्याची यादी) जुनी नोंद काढून पीएसआर-४ (नेमस्पेस आणि फोल्डर जुळवण्याचा नियम) खाली या दोन्हींच्या ओळी घालाव्या लागतात. मॉडेल हलवणं सक्तीचं नाही. पण हलवायचं असेल तर कॉन्फिगमधली ऑथची फाइल आधी बघा. तिथे यूजर मॉडेलचं नाव असतं आणि ते राहिलं की लॉगिनच बंद पडतं.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२० मध्ये, कंपोझर २ आला. ऑप्टिमाइझ करताना, म्हणजे क्लासचा तयार नकाशा बनवताना, जुना कंपोझर फोल्डरमध्ये सापडेल तो क्लास नकाशात घ्यायचा. नवा मात्र फाइलचं नाव, फोल्डर आणि नेमस्पेस जुळत नसतील तर तो क्लास वगळतो. त्यामुळे वर्षानुवर्षं चाललेला कोड कुणी हात न लावता बंद पडतो. 'कंपोझर डंप-ऑटोलोड -ओ' चालवल्यावर वगळलेल्या क्लासची यादी तो स्वतःच दाखवतो. कोटेशन देण्याआधी आम्ही ही यादी लिनक्सवर काढतो. विंडोजवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक दडून राहतो : फाइलच्या नावात 'आयटम'चा आय लहान आणि क्लासमध्ये कॅपिटल, एवढ्यावर सर्व्हर अडतो. असं नाव विंडोजवर नुसतं बदललं तर गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) बदल दिसतच नाही. 'गिट एमव्ही'ने आधी तात्पुरतं नाव द्यायचं, मग खरं.

फेब्रुवारी २०२२ च्या नवव्या आवृत्तीत ट्रस्टप्रॉक्सीज हा मिडलवेअर (प्रत्येक विनंती ज्यातून जाते तो कोड; हा सर्व्हरपुढच्या कोणत्या प्रॉक्सीवर विश्वास ठेवायचा ते ठरवतो) लाराव्हेलच्या स्वतःच्या कोडमध्ये आला. म्हणून आधी हेच काम करणारं फिडेलोपरचं पॅकेज काढायचं आणि आपल्या मिडलवेअरचा मूळ क्लास 'इल्युमिनेट\एचटीटीपी\मिडलवेअर\ट्रस्टप्रॉक्सीज' करायचा. हे काम पाच मिनिटांचं.

खरा वेळ जातो तो पुढे. पॅकेज काढल्यावर आर्टिझनच (लाराव्हेलच्या आज्ञा चालवणारं साधन) मरतो, म्हणजे कॅशे साफ करण्याची आज्ञाही चालत नाही. कारण 'बूटस्ट्रॅप/कॅशे'मधल्या पॅकेजेस, सर्व्हिसेस आणि कॉन्फिग या फाइलींत काढलेल्या पॅकेजचा जुना प्रोव्हायडर (ते सुरू करून देणारा क्लास) अजून बसलेला असतो. त्या हाताने पुसा, मग कंपोझर चालवा. ओपीकॅशेत (पीएचपीने तयार करून ठेवलेल्या कोडचा साठा) टाइमस्टॅम्पची, म्हणजे फाइल बदलली का याची, तपासणी बंद असेल तर पीएचपी-एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड केल्याशिवाय नवा कोड उचललाच जात नाही.

डेटाबेसातला जुना पत्ता सगळ्यात धोक्याचा. पॉलिमॉर्फिक नात्यांत (एकच टेबल अनेक मॉडेलांना जोडणारी नाती) '_टाइप'ने संपणाऱ्या रकान्यांत 'ॲप\यूजर' हे अक्षरशः मजकूर म्हणून साठलेलं असतं. कोडमध्ये कितीही शोधा, सापडणार नाही. स्पाटीच्या परमिशन पॅकेजमध्ये (कोणाला काय करता येईल ते ठरवणारं) तर एररही येत नाही. भूमिकांच्या टेबलात मॉडेलचं जुनं नाव राहतं, जुळणी होत नाही, आणि ॲडमिनला स्वतःच्याच पानावर ४०३ (परवानगी नाही) दिसतो. अशा तक्रारीवर परवानग्या नव्याने वाटत बसू नका, आधी तो रकाना वाचा. आम्ही मॉर्फमॅपमध्ये (साठवायचं नाव आणि क्लास यांची जोडी लावणारी यादी) 'यूजर' असं छोटं नाव ठरवतो आणि सोबतच्या मायग्रेशनमध्ये (डेटाबेस बदलणारी फाइल) जुन्या ओळी बदलतो. मॅपची डावी बाजू (डेटाबेसात साठणारं नाव) 'ॲप\यूजर'च ठेवली तर जुन्या ओळी चालतात, पण नव्या ओळीही त्याच जुन्या नावाने साठत राहतात.

क्यूचंही (मागे चालणाऱ्या कामांची रांग) तसंच. रांगेत थांबलेल्या जॉबमध्ये (कामात) मॉडेलचं जुनं नाव गोठलेलं असतं. म्हणून डिप्लॉयच्या रात्री आधी नवे जॉब येणं थांबवतो, रांग रिकामी होऊ देतो, नवा कोड चढवतो आणि 'क्यू:रीस्टार्ट' देतो. वर्कर (रांगेतली कामं उरकणारा प्रोग्रॅम) जुना कोड मेमरीत धरून चालू राहिला, तर वेबसाइट ठीक दिसते आणि पावत्यांचे मेल मात्र निघत नाहीत.